एका महिन्याची शाळा
(शेतकरी व कारागीर बांधवांच्या बैठकींत केलेलें भाषण)



सभेंत बोलावयास उभा राहणारा माणूस बहुधा दुसऱ्यास शिकविण्यासाठीं उभा राहतो. मी आज माझाच हिशेब देण्यासाठीं उभा आहें. गेल्या ज्येष्ठ महिन्यांत मी चार धडे शिकलों. शिकविणाऱ्या कोण म्हणाल, तर एक माझी नात, दुसरी गांवच्या लोहाराची कारभारीण, तिसरी माझी सून आणि चौथी माझी पाठची बहीण. धडे लहान आहेत, घरांतले आहेत. पण ते न शिकल्यानें घरेंच्या घरें बुडालेलीं मीं पाहिलीं आहेत, म्हणून आपल्यापुढें मांडतों.

पहिला धडा बियाण्याचा. घरचें सोयाबीन मीं बी म्हणून राखून ठेविलें होतें. पेरणीस दिवस कोणता चांगला, हें मीं सवयीनें पंचांगांत पाहिलें. माझी नात सातवींत शिकते. तिनें विचारलें, “आजोबा, दिवस पाहिलात, पण बी पाहिलेंत का?” मी हंसलों. पोरीनें मला न विचारतां पोत्यांतले शंभर दाणे मोजून घेतले. गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरें ओलें गोणपाट घालून गुंडाळी केली आणि ती सावलींत ठेवून रोज पाणी शिंपडलें. सातव्या दिवशीं उघडून पाहतों तों अठ्ठावन्न दाण्यांस कोंब आणि बेचाळीस दाणे कुजलेले! सोयाबीनच्या शंभर दाण्यांत निदान सत्तर उगवले पाहिजेत, तरच तें बी पेरणीच्या लायकीचें. या पिकाच्या दाण्याचें साल फार नाजूक. पोतें धाडकन् टाकलें, थप्पीवर थप्पी रचली, कीं आंतला कोंब दुखावतो आणि वरून कांहीं दिसत नाहीं. मीं तीं पोतीं वर्षभर बसावयाच्या ओट्यासारखीं वापरलीं होतीं!

माझ्या दोन एकरांस साठ किलो बी लागतें. त्यांतलें पंचवीस किलो मी मातींत कुजविणार होतों आणि मग दुबार पेरणीसाठीं कोणाच्या तरी दारांत उभा राहणार होतों. वर दैवास दोष दिला असता तो वेगळाच. तें सोयाबीन मीं बाजारांत विकलें व शेजाऱ्याकडचें बी आणलें, पण तेंही आधीं गोणपाटांत तपासून. दुकानांतून बी घ्याल तेव्हांही हेंच करा. पावती, पिशवी, तिच्यावरील खुणेची चिठ्ठी आणि मूठभर बी पीक हातीं येईपर्यंत सांभाळा. बी उगवलें नाहीं तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढें हाच तुमचा साक्षीदार. शुभ दिवशीं पेरलेला मेलेला दाणा उगवत नाहीं, हें मला सातवींतल्या पोरीनें शिकविलें.

दुसरा धडा व्याजाचा. आमच्या गांवच्या लोहारानें मुलीच्या लग्नासाठीं एका खाजगी सावकाराकडून वीस हजार रुपये घेतले. व्याज दरमहा शेंकडा पांच. “पांच म्हणजे कांहीं फार नाहीं,” असें तो म्हणे, व मलाही तें तसेंच वाटे. त्याची कारभारीण शाळेंत गेलेली नाहीं. परंतु दर महिन्यास हजार रुपये घरांतून गेले कीं ती भात्याजवळच्या भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढी. या महिन्यांत तिनें मला बोलावून त्या रेघा मोजावयास लाविल्या. सव्वीस रेघा! म्हणजे सव्वीस हजार रुपये गेले आणि वीस हजारांचें मुद्दल जागच्या जागीं उभें. “भाऊ, आम्ही लोखंड तापवून वांकवितों, पण हें कर्ज कांहीं वांकत नाहीं,” ती म्हणाली.

तेथेंच बसून आम्हीं हिशेब केला. दरमहा शेंकडा पांच म्हणजे वर्षास शेंकडा साठ. हेच वीस हजार तिनें बायकांच्या बचत गटांतून दरमहा शेंकडा दोननें घेतले असते आणि दर महिन्यास मुद्दलांतले हजार रुपये व उरल्या रकमेवरचें व्याज दिलें असतें, तर पहिला हप्ता चौदाशेंचा, शेवटचा एक हजार वीसचा, आणि वीस महिन्यांत चोवीस हजार दोनशें भरून घर मोकळें झालें असतें. पहिले हप्ते जड गेले असते, हें खरें. पण लोहारानें त्याहून जास्त भरलें आणि अजून तो बांधलेलाच आहे.

बंधूंनो, १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतील खतें व रोखे काढून जाळले. तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, आणि पुढें १८७९ सालीं सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. १८८३ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत आपल्या अज्ञानाची व लुबाडणुकीची साखळी उलगडून दाखविली. आज कागद जाळण्याची गरज नाहीं. कागद वाचण्याची आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणें परवाना नसतां सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करतां येते. लोहारानें अर्ज दिला आहे. निकाल काय लागेल तो लागो. पण त्या दिवसापासून भिंतीवरची रेघ थांबली आहे.

तिसरा धडा सांगतांना मला लाज वाटते, तरी सांगतों. पहिला पाऊस पडून गेल्यावर एके पहांटे शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा पोट दुखतें म्हणून रडूं लागला. रात्रीं तो जमिनीवर अंथरुणांत झोंपला होता. अंगावर कोठें जखम नाहीं, रक्त नाहीं. कोणी म्हणालें अपचन, कोणी म्हणालें बाहेरची बाधा. आणि मी, सभांतून अंगाऱ्या-धुपाऱ्यांविरुद्ध बोलणारा, मीच म्हणालों, “आधीं देवळांतला अंगारा लावूं, मग पाहूं.” घाबरलेल्या माणसाच्या तोंडून त्याची जुनी संवय बोलते. माझी सून पुढें झाली, पोराचें तोंड दिव्याकडे केलें आणि म्हणाली, “मामंजी, याच्या पापण्या मिटत चालल्या आहेत. ही मण्यार आहे. आतां अंगारा नको, गाडी काढा.”

मण्यार रात्रीं झोंपलेल्या माणसास चावते. तिचे दांत इतके बारीक कीं कित्येकदां दुखत नाहीं, सुजत नाहीं, खूणही दिसत नाहीं. मग पोट दुखतें, पापण्या पडतात, जीभ जड होते आणि शेवटीं श्वास थांबतो. दोघांच्या मध्यें धरून मोटरसायकलीवरून मुलास ग्रामीण रुग्णालयांत नेलें. तेथें सर्पविषावरची लस टोंचली, व तेथून जिल्ह्याच्या रुग्णालयांत पाठवून श्वासाच्या यंत्रावर ठेविलें. नवव्या दिवशीं पोर आपल्या पायांनीं घरीं आलें. मीं अंगाऱ्यांत अर्धा तास घालविला असता, तर आज त्याच्या आईपुढें कोणत्या तोंडानें उभा राहिलों असतों?

मांत्रिकास यश कां येतें, हेंही समजून घ्या. आपल्या शिवारांतले बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही कधीं कधीं चावून विष सोडीत नाहीं. असा माणूस मंत्रावांचूनही वांचणारच असतो; श्रेय मात्र मांत्रिक घेतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे आपल्याकडचे चार मोठे वैरी. यांच्या विषावर रुग्णालयांतील लस हाच उपाय. दोरी आवळूं नका, जखम कापूं नका, तोंडानें चोखूं नका. चावलेला हात-पाय हलवूं न देतां रुग्णालय गांठा. १०८ या क्रमांकावर गाडी मागवितां येते. आणि पावसाळ्यांत पोरांस खाटेवर, मच्छरदाणी अंथरुणाखालीं नीट खोंवून निजवा.

चौथा धडा सर्वांत जड. माझे आई-वडील आतां नाहींत. जमीन आठ एकर, आम्ही तिघे भाऊ व एक बहीण. वारसनोंदीची वेळ आली तेव्हां भावांचें ठरलें कीं, बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्यावें. वडील म्हणून तें काम माझ्याकडे आलें. मी एक लुगडें आणि लिहून तयार केलेला कागद घेऊन तिच्या गांवीं गेलों. जेवण झालें. मीं म्हटलें, “बाई, नोंदणीच्या कचेरींत चलावें लागेल. येथें सही करावयाची, नेहमींचा रिवाज आहे.” बहिणीनें कागद हातीं घेतला, उलटसुलट पाहिला आणि आपल्या नातीस हांक मारली. “वाच ग, मोठ्यानें वाच.”

त्या पोरीनें एकेक शब्द वाचला. “माझा सर्व हक्क मी राजीखुषीनें, कोणताही मोबदला न घेतां, कायमचा सोडीत आहें.” घरांत सर्वजण गप्प झाले. बहीण शांतपणें म्हणाली, “दादा, तूं माझ्याकडे मागितलें असतेंस तर मीं कदाचित् दिलेंही असतें. पण तूं मागितलें नाहींस, रिवाज म्हणालास. सभेंत तूं बायकांस माणूस म्हणतोस. मग कागदांत कां नाहीं?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. २००५ सालच्या कायद्यानें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाएवढाच झाला आहे, आणि बाप २००५ पूर्वीं वारला असला तरीही तो हक्क जात नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें आहे. हें मला ठाऊक होतें. ठाऊक असूनही मी लुगडें घेऊन गेलों, हीच माझी चोरी. बहिणीनें समजून उमजून आपला हक्क सोडला तर तो तिचा अधिकार. पण तिच्या न वाचण्याचा फायदा घेऊन तो सोडवून घेणें, यांत आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या सावकारांत भेद तो कोणता?

मी कागद परत आणला. वारसनोंदीच्या अर्जांत चौघांचीं नांवें घातलीं. माझे दोघे भाऊ सध्यां माझ्याशीं बोलत नाहींत. दोन एकर कमी झाले म्हणून त्यांना दुःख आहे, व तें दुःख खोटें नाहीं. पोट त्यांनाही आहे. त्यांची समजूत अजून मला घालतां आलेली नाहीं, ती घालण्याचा प्रयत्न चालू आहे. परंतु १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाईंनीं पुण्यांत मुलींची शाळा कां काढली, हें मला पुस्तकांतून जितकें समजलें नव्हतें तितकें त्या दिवशीं बहिणीच्या ओसरीवर समजलें. एक पोर मोठ्यानें वाचूं लागली आणि माझें तोंड बंद झालें.

तर बंधुभगिनींनो, आज घरीं जाऊन चार कामें करा. शंभर दाणे गोणपाटांत घाला. आपल्या कर्जाच्या रेघा मोजा. पोरांस जमिनीवरून उचलून खाटेवर निजवा. आणि बहिणीपुढें कागद ठेवण्यापूर्वीं तो तिच्या घरांतल्या वाचणाऱ्या पोरीच्या हातीं द्या. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला तो सत्य शोधण्यासाठीं. आणि सत्याचा शोध परक्याच्या दारांत करण्यापूर्वीं आपल्या उंबऱ्याच्या आंत करावा लागतो, एवढेंच मी या महिन्यांत शिकलों.

माझें बोलणें संपलें. चुकलें असेल तेथें उभें राहून सांगा. पांचवा धडा आपल्याकडून घेण्यास मी तयार आहें.