स्पंजापासून औषधापर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या गुरुजींनी विज्ञान शिकविताना आम्हांला 'किती?' असे विचारण्याची सवय लावली. समुद्रातील प्राण्यांत कर्करोगावर औषध सापडल्याचे वृत्त वाचनात येते, तेव्हाही तोच प्रश्न विचारावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

जपानच्या किनाऱ्यावर 'हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई' नावाचा काळा स्पंज आढळतो. स्पंज हा खडकाला चिकटून राहणारा प्राणी. त्याला पळता येत नाही, दात-नखेही नाहीत. अशा अनेक जिवांचे रक्षण त्यांच्या अंगातील रसायनेच करतात. हिराता व उएमुरा या शास्त्रज्ञांनी 600 किलो स्पंजातून 'हॅलिकॉन्ड्रिन-बी' वेगळे केले आणि 1986 साली ते प्रसिद्ध केले. हाती किती आले? अवघे 12.5 मिलिग्रॅम.

उंदरांवरील प्रयोगांत त्याचा कर्करोगविरोधी गुण दिसला. परंतु या हिशेबाने रुग्णांची गरज भागवावयाची, तर समुद्रतळ ओसाड झाला असता. 1992 साली हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी यांनी तो अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत घडविला. पुढे असे आढळले, की औषधी गुण त्याच्या एका अर्ध्या भागातच आहे. त्यावरून 'एरिब्युलिन' तयार झाले. त्याच्या निर्मितीस साठाहून अधिक रासायनिक पायऱ्या लागतात. स्पंज मात्र लागत नाही. विभाजनाच्या वेळी पेशीतील गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या सूक्ष्मनलिकांची वाढ ते रोखते. विभाजन अडते आणि पेशी मरते.

2010 साली अमेरिकेत, शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. येथेही विचारू या, लाभ किती? आधीचे अनेक उपचार करून झालेल्या 762 स्त्रियांची चाचणी झाली. एरिब्युलिन घेणाऱ्यांपैकी निम्म्या 13.1 महिन्यांहून अधिक जगल्या. इतर उपचार घेणाऱ्यांत हा काळ 10.6 महिने होता. म्हणजे अडीच महिने. ज्या घरात दिवस मोजले जातात, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. पण तिला रोगमुक्ती म्हणणे हा त्याच घरावर अन्याय ठरेल.

आपल्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही सागरी जिवांतील रसायनांचा अभ्यास झाला आहे. येथील विद्यार्थ्यांनी खडकावरील स्पंजाला क्षुद्र लेखू नये, आणि त्याला संजीवनीही समजू नये. त्याच्यापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट या एका औषधाला 24 वर्षांची पडली. ती चालण्याचे धैर्य या शाळेतील कोणा मुलामुलीला लाभो, हीच गुरुजींच्या स्मृतीस माझी आदरांजली.