इंजिनाचे ऑइल आणि बाटलीतले औषध



आपल्याकडे खेड्यातल्या पुष्कळांना इंजिनाची पहिली ओळख झाली ती विहिरीवर. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काळात डिझेलची इंजिने गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसली. मोट सुटली, बैलांची मान मोकळी झाली. आज विहिरीवर बहुधा विजेची मोटर असते. पण इंजिन काही घरातून गेले नाही. कंधार-मुखेडकडे जा, औसा-निलंग्याकडे जा, दारात ट्रॅक्टर असतो, मोटरसायकल तर असतेच, आणि एखाद्या घरी जीप किंवा मोटारही उभी असते. ही वाहने पुष्कळदा कर्जाने घेतलेली असतात. तेव्हा हप्ते फिटायच्या आत इंजिनाचे काम निघाले, तर नुकसान दुहेरी होते. हे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर ऑइल बदलणे. ते घरच्या घरी कसे करावे, आणि दुकानात मिळणारी ताकदीची बाटली त्यात ओतावी की नाही, एवढे दोनच प्रश्न आज घेऊ.

प्रथम ऑइल करते काय ते पाहू. आपण म्हणतो, ऑइल म्हणजे वंगण. ते खरेच आहे; पण त्याला आणखी चार कामे आहेत. पिस्टनची उष्णता ते खाली वाहून आणते. रिंगांच्या फटी बुजवून दाब टिकवते. काजळी आणि घाण स्वतःत धरून ठेवते. आणि लोखंडाला गंज लागू देत नाही. घरात एकच माणूस सगळी उसाभर करतो, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच तो माणूस थकतोही लवकर. इंजिनात जळणापासून आम्ले तयार होतात, काजळी साठते, आणि तेलात कारखान्यातच घातलेली द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात. नुसती वरून भर घातली, तर पातळी भरते, पण आतली घाण आतच राहते. म्हणून भर घालणे वेगळे आणि बदलणे वेगळे.

एक गैरसमज येथेच दूर करू. डिझेल इंजिनात नवे ऑइल घातले की थोड्याच दिवसांत काळे होते, आणि लोक म्हणतात, दुकानदाराने फसवले! तसे नव्हे. काजळी इंजिनाच्या भिंतीला चिकटू न देता तेलाने ती आपल्या अंगावर घेतली, म्हणून ते काळे झाले. काळा रंग हा काही रोग नव्हे. रोगाची लक्षणे वेगळी आहेत. ऑइल दुधी, ताकासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरते आहे असे समजा. पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागली आणि डिझेलचा वास आला, तर जळण खाली उतरते आहे. अशा वेळी इंजिन बंद ठेवून मेकॅनिकला दाखवावे.

आता ऑइल कोणते घ्यावे? डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असे काही लिहिलेले असते. हा दाटपणाचा आकडा. काकवी थंडीत घट्ट होते आणि चुलीवर ठेवली की पाण्यासारखी पळते, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. तेलाचेही तेच. 'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा थंडीतले वागणे सांगतो आणि पलीकडचा इंजिन तापल्यानंतरचे. पहिला आकडा जितका लहान, तितके ते थंडीत लवकर वाहते. त्याखेरीज डब्यावर दुसरी खूण असते. 'सी'ने सुरू होणारी अक्षरे मुख्यतः डिझेल इंजिनासाठी, 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. मोटरसायकलीचे ऑइल आणखी निराळे. पुष्कळ मोटरसायकलींत क्लचच्या प्लेटी त्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीचे फार निसरडे ऑइल त्यात घातले, तर क्लच घसरू लागतो. म्हणून तिच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण पाहावी. जे काय घ्यायचे ते वाहनाच्या पुस्तिकेशी ताडून घ्यावे. ती पुस्तिका पुष्कळ घरी कोऱ्या पिशवीत तशीच पडलेली असते. मुलाकडून वाचून घ्या.

बदलावे केव्हा, तेही पुस्तिकाच सांगते. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत २५० तासांचा आकडा असतो. काहींत जास्त असतो. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल मात्र लवकर करावा लागतो. आता हिशेब करा. सोयाबीनच्या दिवसांत मळणी यंत्रावर ट्रॅक्टर रोज आठ तास चालला, तर तीस दिवसांत २४० तास होतात. म्हणजे एक हंगाम आणि एक ऑइल, असाच मेळ बसतो. त्यातून मळणीच्या वेळी धूळ आणि भुसकट किती उडते ते आपण जाणताच. ही धूळ एअर क्लीनरमधून आत गेली, तर तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखी रिंगा आणि सिलिंडर घासते. म्हणून त्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा. तेलाच्या वाटीचा असेल, तर वाटीत साचलेला गाळ काढून खुणेपर्यंत नवे ऑइल घालावे. हे न करता नुसते महाग ऑइल घालणे म्हणजे भोक पडलेल्या कणगीत धान्य भरणे होय.

आता प्रत्यक्ष कृती. वाहन सपाट जागी उभे करा, ब्रेक लावा, चाकांना उटी द्या. दगडांवर किंवा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. इंजिन पाचदहा मिनिटे चालवून बंद करा. कोमट ऑइल गाळ घेऊन चांगले वाहते. मात्र कढत असताना नट खोलू नका, हात भाजेल. खाली पसरट घमेले ठेवून चेंबरचा नट काढा आणि ऑइल पूर्ण निथळू द्या. मग फिल्टर काढा. येथे एक गोष्ट हमखास विसरते: जुन्या फिल्टरचे रबरी वायसर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवे बसवले, तर दोन वायसरांतून दाबाने सगळे ऑइल बाहेर पडते. म्हणून बोटाने चाचपून पाहा. नव्या वायसरला थोडे ऑइल लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. नट पुसून, वायसर नीट पाहून बसवा. पण पान्याला लोंबकळून आवळू नका, आटे जातात. मग मोजून ऑइल भरा. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. न विझल्यास ताबडतोब बंद करा. शेवटी काही मिनिटे थांबून गेजपट्टी पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी. खुणेच्या वर भरू नये. फिरता क्रँक तेलाला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. भिंतीवर तारीख आणि तास लिहून ठेवा.

आता बाटलीकडे वळू. दुकानदार सांगतो, "हे घाला मालक, इंजिन नव्यासारखं होईल." बाटलीत असते काय? वंगणाची, घाण धुण्याची किंवा घर्षण कमी करण्याची काही द्रव्ये. पण चांगल्या तेलात ही द्रव्ये कारखान्यातच मापून घातलेली असतात. घाण धुणारे एक, काजळी सुटी ठेवणारे दुसरे, झीज रोखणारे जस्ताचे संयुग तिसरे, फेस मोडणारे चौथे. वैद्याने मात्रा मापून दिली असता वरून आणखी चूर्ण टाकावे, तसे हे होते. अति तेथे माती. एका द्रव्याने दुसऱ्याचे काम बिघडू शकते. नव्या डिझेल मोटारींत तर आणखी धोका आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम देशभर लागू झाले. या मोटारींच्या धुराड्यात पुष्कळदा काजळी धरणारी गाळणी असते. धातूची द्रव्ये जळून राख होते, आणि राख काजळीसारखी जळून जात नाही; ती गाळणीत साचून राहते.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेत 'स्लिक ५०' नावाचे असे द्रव्य फार खपले होते. तेथील सरकारच्या व्यापार आयोगाने झीज कमी होते वगैरे जाहिरातींना पुरेसा पुरावा नाही असा आरोप ठेवला, आणि १९९७ साली कंपनीला असे दावे पुराव्यावाचून न करण्याचे मान्य करावे लागले. म्हणून माझे सांगणे असे, की रिंगा झिजल्या असतील, तर त्या बाटलीने भरून येत नाहीत. निळा धूर थोडे दिवस दबेल, पण झीज चालूच राहील. बाटलीचे पैसे फिल्टरवर घाला.

शेवटी जळक्या ऑइलविषयी. ते ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नका. एक लिटर जळके ऑइल दहा लाख लिटर पाणी नासवू शकते, अशा प्रमाणाचा इशारा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने दिलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली, तिच्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे घमेल्यातल्या एका लिटरमागे तशा दोन खेपा! ज्या लातुराने पाणी आगगाडीने आलेले पाहिले, तेथे हे वेगळे सांगायला नको. चुलीत जाळणे, जनावरांच्या अंगाला लावणे हेही घातक आहे. हाताला लागल्यास साबणाने धुवावे. डब्यात साठवून, पाणी किंवा डिझेल न मिसळता, गॅरेजमार्फत परवानाधारक शुद्धीकरणाऱ्याकडे जाऊ द्यावे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतही हे तेल मोडते.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. टिपकागदावर नव्या आणि जुन्या तेलाचा एकेक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. काजळी वर्तुळात सारखी पसरली, तर ऑइल अजून घाण सुटी ठेवते आहे. मध्येच काळा ठिपका गोळा होऊन भोवती फिकट कडे राहिले, तर त्याची शक्ती सरत आली. मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, "आपल्या ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदललं?" तारीख भिंतीवर लिहिलेली असली, म्हणजे वडिलांना उत्तर देता येईल.