आपली वाटी आधी काढून ठेवा

भाकरी थापत असाल तर थापत राहा, शेंगा निवडत असाल तर निवडा. कान तेवढे इकडं द्या. आज आपण चाळिशी-पन्नाशीतल्या बाईच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत.

आधी एक प्रश्न विचारते. मनातल्या मनात उत्तर द्या. काल रात्री तुमच्या ताटात काय होतं? घरातल्या बाकीच्यांनी काय खाल्लं ते विचारत नाही, ते तुम्हाला तोंडपाठ असतं.

हाच प्रश्न मी परवा बचत गटाच्या बैठकीत विचारला. बराच वेळ कुणी बोलेना. मग एकजण म्हणाली, "भाकरी होती, ठेचा होता. वरण संपत आलं होतं, त्यात पाणी घालून घेतलं." दुसरी म्हणाली, "माझं तर रोजचंच आहे. कढई पुसून घेते." सगळ्या हसल्या. पण त्यांच्यातली एकजण हसली नाही. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात तिचा पाय घसरला होता. तिनं हात टेकला आणि मनगट मोडलं. ऐन भांगलणीत सहा आठवडे हात गळ्यात. ती म्हणाली, "लहानपणी झाडावरून पडले तरी काही झालं नव्हतं. आता एवढ्याशा पडण्यानं हाड कसं मोडलं?"

तर बायांनो, त्याचं कारण ऐका. बहुतेकींची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास जाते. तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं. ते हाडांची राखण करत असतं. राखणदार गेला की पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात. अंगातलं मांसही कमी होतं, ताकद घटते. आणि त्याच वयात पोट मात्र सुटतं. मग आपण काय करतो? "जाड झाले" म्हणून रात्रीचं जेवण सोडतो आणि दिवसभर चहा-बिस्किटावर काढतो. म्हणजे अंगाला लागणारं अन्न कमी होतं आणि साखर-मैदा तेवढा वाढतो.

म्हणून मी आज कुठलंही डाएट सांगणार नाही. चार सवयी सांगते. चारही एकदम धरायच्या नाहीत. महिन्याला एक.

पहिली सवय. वरण, उसळ किंवा पिठलं झालं की वाढायला घेण्याआधी एक घट्ट वाटी आपल्यासाठी काढून झाकून ठेवायची. डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर अंगातलं मांस टिकतं. मटकी, हुलगे, चवळी आपल्याकडं पिकतातच. एक मूठ शेंगदाणे, म्हणजे 30 ग्रॅम, यातून साधारण 7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका अंड्यातून 6 ग्रॅम. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला 45 ग्रॅमच्या आसपास लागतात. नुसत्या भाकरी-ठेच्यावर हा हिशोब पुरा होत नाही.

दुसरी सवय चहाची. चहा सोडा म्हणत नाही, सुटणारही नाही. पण जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला, तर भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. भाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. सरकारी पाहणीत 2019 ते 2021 या काळात आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. आणि सकाळी उपाशीपोटी दोन-दोन चहा घेऊन खुरपायला जाऊ नका. अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन जा.

तिसरी सवय हाडांसाठी. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. एक कप दुधातून साधारण 200 मिळतं. दूध डेअरीला जातं, हे मला माहीत आहे. पण घरी ताक होत असेल तर जेवताना एक पेला आपणही घ्यावा. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 350 मिलिग्रॅम असतं. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी किंवा आंबील करा. चटणीत तीळ घाला. शेवग्याचा पाला दारात फुकट असतो, तो डाळीत टाका. पावसाळ्यात तांदूळजा, घोळ आणि बांधावरच्या इतर ओळखीच्या भाज्या येतात, त्या घरीही खा, सगळ्या बाजारात नेऊ नका.

चौथी सवय उपवासाची. देवाचं देवाला करा. पण साबुदाण्यात नुसता पिष्टाचा भार असतो. त्याऐवजी वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळं, ताक घ्या. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका. गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते आणि चक्कर येऊन पडायला होतं.

मिठाचंही सांगते. दिवसभरात सगळं मिळून एक चहाचा चमचा मीठ पुरे. रक्तदाब असेल तर लोणचं-पापड ताटात रोज नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणखी एक. सगळंच जेवणानं बरं होत नाही. पाळीत फार जात असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, तर "वयाचंच आहे" म्हणून बसू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात जा. रक्त तपासून घ्या.

आता मला ठाऊक आहे, तुमच्या मनात काय आलं असेल. "आधी स्वतःची वाटी काढली तर घरातले काय म्हणतील? हावरी म्हणतील." आमच्या बैठकीतही हेच निघालं. तेव्हा मनगट मोडलेली मैत्रीण म्हणाली, "माझी सासू शेवटी जेवायची, म्हणून मी शेवटी जेवले. आता माझी सून माझ्याही नंतर जेवते. तिच्या वाट्याला काय उरतं, ते मी कधी बघितलंच नाही." त्या दिवसापासून ती दोन वाट्या काढून ठेवते. एक स्वतःची, एक सुनेची. आणि रात्री सगळं घर एकाच पंगतीला बसतं.

मैत्रिणींनो, आता घरात आपलं चालतं. ही रीत आपण बदलली नाही तर पुढं ती सुनेला आणि नातीला तशीच जाईल.

पुढच्या बैठकीत हप्ता भरताना एकमेकींना एवढंच विचारा, "वाटी काढून ठेवली होती का?" वजन किती उतरलं ते विचारू नका. चार दिवस विसरलात तर पाचव्या दिवशी पुन्हा काढा. आजच्या रात्रीपासून सुरू करा.