आभासी चलन आणि मनाचा हिशेब



माझ्या एका निवृत्त शिक्षक स्नेह्यांचा अनुभव प्रथम सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या घरात गेला होता. पुढे २०२२ च्या आरंभी तो ४० हजारांच्या आसपास आला, तेव्हा 'स्वस्त झाला' म्हणून त्यांनी आपल्या पुंजीतील काही रक्कम त्यात गुंतवली. भाव घसरत राहिला. "आता विकले तर तोटा होईल," असे म्हणत ते थांबले. नोव्हेंबरमध्ये तो १६ हजारांच्याही खाली गेला आणि धीर सुटून त्यांनी सारे विकले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला! घेणे, थांबणे, विकणे या तिन्ही निर्णयांत हिशेब कोठेच नव्हता. होते ते केवळ मन.

या मनाचा शास्त्रीय अभ्यास आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी केला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग पाहा. आकड्यांचे एक चक्र १० किंवा ६५ वरच थांबेल, असे रचले होते. ते फिरवून मग लोकांना विचारले, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश शेकडा किती? १० पाहिलेल्यांचा मध्यम अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५! असंबद्ध आकड्यालाही मन असे खुंट्यासारखे बांधले जाते. ६९ हजार हा आमच्या गुरुजींचा खुंटा होता. लाभाच्या आनंदाहून तेवढ्याच हानीचे दुःख अधिक जाचते, हेही या द्वयीने १९७९ मध्ये मांडले. म्हणूनच तोटा मान्य करणे आपण पुढे ढकलतो.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये मांडलेल्या बिटकॉइनच्या योजनेत मध्यस्थ बँकेवर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही. व्यवहारांची वही असंख्य संगणकांवर असते; एकाने फेरफार केला तरी इतर तो स्वीकारत नाहीत. रचना खरोखर कुशल आहे. परंतु नोंद खरी असणे आणि व्यवहार शहाणपणाचा असणे, या भिन्न गोष्टी होत.

बँकेवरचा विश्वास काढून आपण तो ठेवला कोणावर? ओळखीच्या माणसावर. 'गेन बिटकॉइन' प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटकसत्र केले. दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आमिष दाखवल्याचा आरोप आहे. तेथे संगणकाची वही फोडावी लागली नाही. माणसाचा विश्वास पुरेसा होता.

भारतात २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण कर म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. तेव्हा एवढेच करा. पैसे गुंतवण्यापूर्वी कारण कागदावर लिहा, किती तोटा सोसाल तेही लिहा, आणि ज्याला तुमच्या गुंतवणुकीतून काहीही मिळणार नाही अशा माणसाला तो कागद दाखवा. यंत्र वहीची राखण करील. विवेकाची राखण आपल्यालाच करावी लागेल.