आपलं पान आपणच लिहूया



मी कॉलेजात वेबसाइट बनवायला शिकते. आधी एचटीएमएल, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. सुरुवातीला नोटपॅड आणि ब्राउझर एवढंच पुरतं. १९९३ साली सर्न या संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सर्वांसाठी खुलं केलं, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही.

सरावासाठी मी मोहल्ल्यातल्या वाचनालयाचं पान मराठीत आणि उर्दूत केलं. मराठी डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून. कोडमध्ये भाषा ‘यूआर’ आणि दिशा ‘आरटीएल’ अशी नोंदवली, की उर्दू मजकूर उजवीकडून मांडला जातो. भाषा नोंदवलेली असली, की अंध वाचकाला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ती ओळखता येते.

आपल्याबद्दल इतरांनी लिहिलेलं आपण रोज वाचतो. आपण स्वतः काय लिहितो? शिष्यवृत्तीची माहिती, तलाक झालेल्या बाईचे कायदेशीर हक्क, हे आपल्या भाषेत मांडणारं पान आपल्यातल्या कुणालाही करता येईल.

एक विनंती. घरात लॅपटॉप एकच असेल, तर तो बहुधा भावाकडे असतो. आजच घरी बोला आणि बहिणीचेही वार ठरवा. शिकायला तिलाही तेवढाच वेळ लागतो.