हबसाण, मोखा आणि आपली कढई



ज्या नगराच्या वेशींची, नहरींची आणि मकबऱ्याची वर्णने आपण बालपणापासून ऐकत आलो, त्या छत्रपती संभाजीनगराचा कॉफीशी काही ऋणानुबंध असेल, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. कॉफी म्हटली की म्हैसूर आणि कूर्ग. आपल्याकडे ती जायफळ-वेलदोडा घालून दुधात उकळावयाची आणि पाहुण्यापुढे ठेवावयाची, एवढाच आपला व्यवहार. परंतु कच्चे बुंद, म्हणजे कॉफीचे दाणे, आणून ते घरच्या कढईत भाजू लागल्यापासून, या सुगंधाचा माग काढता काढता मी ज्या पुरुषापाशी येऊन पोहोचलो, तो या नगराचा संस्थापकच होता.

1610 साली या नगरास, म्हणजे तेव्हाच्या खडकीस, राजधानीचे रूप देणारा मलिक अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. बालवयातच गुलाम म्हणून विकला जाऊन येमेनच्या मोखा बंदरातून बगदादेस, आणि तेथून दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी तो येऊन पडला. हबसाण ही कॉफीच्या झाडाची जन्मभूमी, आणि मोखा हे तर तिच्या व्यापाराने पुढे जगद्विख्यात झालेले बंदर! अंबर मोख्यास विकला गेल्याची हकीकत लिहून ठेवणारा डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने 1614 मध्ये येमेनात ते उष्ण, काळे पेय चाखले होते. कॉफी चाखणाऱ्या पहिल्या काही डचांत त्याची गणना होते. तोच गृहस्थ 1617 मध्ये, सुरतेकडून खुष्कीच्या मार्गाने मच्छलीपट्टणास जात असता, अंबराच्या छावणीत येऊन त्याला भेटला. तवारिखांत लढाया आणि तह यांनाच मानाचे पान मिळते. मला मात्र ही भेट त्यांहून कमी मोलाची वाटत नाही.

हबसाणात कॉफी अद्यापि घरीच भाजली जाते. यजमानीण पाहुण्यांसमक्ष कच्चे दाणे धुते, निखाऱ्यांवरील तव्यात भाजते, धुराचा सुगंध प्रत्येकाने घ्यावा म्हणून तो तवा सर्वांपुढून फिरवते, दाणे उखळीत कुटते आणि मातीच्या सुरईत उकळून तीन वेळा पेले भरते. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना आणि तिसरी बरका. आयत्या भुकटीची पुडी ही त्यामानाने फार अलीकडची सोय आहे.

ही विद्या आपल्या स्वयंपाकघरात अवघड नाही. बिडाची कढई, मध्यम आच आणि हात न थांबवता ढवळणे, इतकाच सरंजाम पुरतो. कच्च्या दाण्यात दहा-बारा टक्के पाणी असते. ते उडू लागले की हिरवट दाणा पिवळा पडतो आणि वाळल्या गवताचा वास सुटतो. पुढे रंग तपकिरी होतो, आणि दाण्याची उष्णता 200 अंशांच्या आसपास गेली म्हणजे आतली वाफ कोंडून तो लाह्यांसारखा तडतडू लागतो. ही पहिली तडतड सरली की दाणा फुगलेला, परंतु वजनाने सुमारे सातव्या हिश्श्याने हलका झालेला असतो. बिनदुधाची कॉफी ज्यांना प्रिय त्यांनी येथेच कढई उतरवावी. दुधात उकळणाऱ्यांनी मात्र दुसऱ्या, अधिक बारीक आणि द्रुत तडतडीची चाहूल लागेतो थांबावे. त्यापलीकडे दाण्यावर तेल येते आणि प्रत्येक बुंदाची स्वतंत्र रुची लोपून केवळ कडूपणा उरतो. कढई उतरवताच दाणे त्वरेने सुपात ओतून पाखडावेत. धान्य पाखडणारा हात येथे जसा कामी येतो तसे कोणतेही यंत्र येणार नाही, कारण एका झोकातच दाणे निवतात आणि पापुद्रे उडून जातात. खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवाव्यात. धूर पुष्कळ होतो.

भाजलेल्या दाण्यातून कर्बवायू निघत राहतो, म्हणून त्यास एक दिवसाची विश्रांती द्यावी, आणि दळावे ते पिण्याच्या वेळीच. कच्चे बुंद कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतात, भाजलेल्यांचा सुगंध दोन-तीन आठवड्यांत मावळतो आणि पुडीत भरलेली भुकटी तर आपल्या दारी येईतोच निम्मी मुकी झालेली असते.

असे कच्चे दाणे मिळवणे मात्र पूर्वी सोपे नव्हते. 1942 च्या कायद्यान्वये मळेवाल्यांना आपला माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावा लागे. हे बंधन गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शिथिल होत गेले, आणि आता मळेवाल्याकडून थेट कच्चे दाणे मागविता येतात. त्यासाठी कर्नाटकाकडेच पाहावे असेही नाही. अमरावती जिल्ह्यात गाविलगडच्या डोंगरात, सुमारे 1,100 मीटर उंचीवर, चिखलदऱ्यास कॉफी पिकते आणि आपल्या महाराष्ट्रातच तिची फारशी कोणाला वार्ता नसते, याचे मला मनापासून दुःख होते. तिकडे जाणे झाले तर शेरभर कच्चे बुंद अवश्य मागून आणा, आठवड्यास पुरतील एवढेच एका वेळी भाजा, आणि पहिल्या पेल्यात तरी जायफळ घालू नका. त्या डोंगराची चव आधी जिभेला कळू द्या.