खेकडा कोळी ओळखा, मगच फवारणीचा पंप उचला



मागे एक शेतकरी सूर्यफुलावरचा पिवळा कोळी बाटलीत घालून आमच्याकडे आले. "साहेब, पिकावर कोळी पडलाय, कोळीनाशक कोणतं मारू?" असा त्यांचा प्रश्न होता. चूक त्यांची नव्हती. आपल्या भाषेत एका नावाचे दोन जीव आहेत. वांग्यावरचा लाल कोळी पानातील रस शोषतो. ती कीड आहे. बाटलीतला होता खेकडा कोळी. तो किडी खातो. म्हणून त्याचे वर्गीकरण व तो कोठे आढळतो, हे आज पाहू.

दोन्ही जीव अष्टपाद वर्गातील, म्हणजे आठ पायांचे. पण लाल कोळी अगदी बारीक, शरीर एकसंध. खऱ्या कोळ्याच्या शरीराचे शिरोवक्ष व उदर असे दोन भाग असून मध्ये बारीक कंबर असते.

खेकडा कोळ्यांच्या कुलाचे नाव थोमिसिडी. स्वीडनचे शास्त्रज्ञ सुंडेव्हाल यांनी १८३३ मध्ये ते दिले. या कुलात सुमारे १७० प्रजाती व २,१०० हून अधिक जाती आहेत. पायांच्या पुढच्या दोन जोड्या लांब, दणकट व बाजूला पसरलेल्या असतात. चालही खेकड्यासारखी तिरपी. भक्ष्यासाठी हा जाळे विणत नाही. फुलात दबा धरून बसतो व आलेला कीटक पकडतो.

याच्यासारखी दिसणारी आणखी दोन कुले आहेत. फिलोड्रोमिडी कुलातील कोळ्यांचे सर्व पाय जवळपास सारखे व चाल चपळ. पूर्वी त्यांना थोमिसिडीतच धरत. घराच्या भिंतीवर झुरळे पकडणारा मोठा चपटा कोळी स्पॅरॅसिडी कुलातला.

अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत खेकडा कोळी आढळतात. युरोप व उत्तर अमेरिकेतील मिसुमेना व्हाशिया ही जाती फुलाप्रमाणे पांढरी किंवा पिवळी होते. मात्र या बदलाला काही दिवस लागतात. भारतातील जातींची माहिती डॉ. टिकादर यांनी १९८० च्या 'फॉना ऑफ इंडिया' या ग्रंथात दिली आहे. आपल्याकडे फुलांवर थोमिसस, गवतात रन्सिनिया, हिरव्या पानांवर ऑक्सिटेट, तर जमिनीलगत झिस्टिकस या प्रजाती दिसतात. पाने शिवून घरटी करणाऱ्या ओंबील मुंग्यांजवळ त्यांच्यासारखाच दिसणारा अमायसिया राहतो आणि त्याच मुंग्या खातो.

आता व्यवहाराचे. हा कोळी माश्या, पतंग व लहान अळ्या खातो. पण मधमाशीही पकडतो, हे लपवत नाही. एकट्या कोळ्याच्या भरवशावर कीड आटोक्यात येणार नाही. तरीही फुलोऱ्यात सरसकट फवारणी केली, तर कोळी मरतो आणि परागीभवन करणाऱ्या मधमाश्याही मरतात. नुकसान दुहेरी.

म्हणून सकाळी शेतात फिरून काही झाडे तपासा. किडी मोजताना मित्रकीटक आणि कोळीही मोजा. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच शिफारशीप्रमाणे औषध वापरा, तेही मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी. आणि दुकानात नुसते "कोळी पडलाय" म्हणू नका. पान किंवा फूल सोबत न्या. त्या शेतकऱ्याने बाटलीतला कोळी परत फुलावर सोडला. औषधाचा खर्च वाचला, राखणदारही वाचला.